ग्रीक पोथी आणि माझं मोडलेलं पारायण

फादरांचं पुस्तक मी उलटं छापलं, हे आधीच सांगून टाकतो. सगळं नाही, एक पान सुलटं, एक उलटं, असं थेट शेवटपर्यंत. तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीत माझं छपाईचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. निम्मं काम जुन्या पोथ्यांच्या नकलांचं. पोथीचं पान खालून वर उलटतं, पुस्तकाचं बाजूला. माझ्या यंत्राला पोथीचीच सवय, आणि मलाही. फादरांनी परदेशातल्या एका ग्रंथालयातून मागवलेले फोटो पुस्तकासारखे छापायचे होते आणि ते ग्रीक भाषेतले होते. ग्रीक मला सुलटं धरलं तरी उलटंच दिसतं. त्यामुळे चूक कळायचा प्रश्नच नव्हता. मी ते छान बांधलं, वर कापडी पुठ्ठा चढवला आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात ठेवलं.

एरवी इतकी चूक माझ्याकडून झाली नसती. पण त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्या बायकोला, कावेरीला, छातीत गाठ लागली होती. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तपासून घ्या, लांबवू नका. आम्ही मान डोलावली, घरी आलो आणि ठरवलं, आधी सप्ताह करू. आमच्याकडे संकट आलं की पोथीचं सात दिवसांचं पारायण करतात. रोज किती वाचायचं ते ठरलेलं. मधे एक दिवस मोडला तर पुन्हा पहिल्या अध्यायापासून. यात अडचण एकच, वाचणारा मी. आम्ही घरात मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं काढतो. देवनागरी मी चाळिशीनंतर शिकलो. माझी ओवी थंडीतल्या जुन्या स्कूटरसारखी, चार लाथा मारल्याशिवाय सुरू होत नाही. पहिलं पारायण मोडलं, कारण मी पोथीवरच झोपलो. दुसऱ्याच्या मधे पापनाशमच्या काकू गेल्या आणि सुतक आलं. सुतक फिटल्यावर तिसरं सुरू केलं. तपासणी अर्थातच समाप्तीनंतर. दर वेळी पारायण मोडलं की मी हळहळायचो, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी हायसंही वाटायचं. त्या हायसं वाटण्याकडे मी नीट बघत नव्हतो.

अशात फादर पुस्तक घेऊन परत आले. उंच, म्हातारे, धर्मगुरू व्हायला निघालेल्या मुलांना ग्रीक शिकवणारे. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पुस्तक काउंटरवर उघडलं, पान उलटलं, पुस्तक गोल फिरवलं, पुन्हा पान उलटलं, पुन्हा फिरवलं.

“राव सार,” ते तमिळमध्ये म्हणाले, “वर्गात शिकवताना व्यायामही होईल, पण मुलं माझ्याहून आळशी आहेत.”

मी कान धरले, त्यांच्यासाठी कापी, म्हणजे आमची फिल्टर कॉफी, मागवली आणि पुन्हा छपाईला लावलं. यंत्र चालू असताना ते पानं दाखवू लागले. मध्ययुगात कुणीतरी कातड्यावर हाताने लिहिलेली ती पोथी. दोन रकाने, सुरुवातीची अक्षरं सोनेरी, आणि ओळींच्या वरखाली लाल शाईच्या बारीक खुणा. त्या खुणा कशाच्या, तर सूर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, कुठे थांबायचं याच्या. हे मला लगेच पटलं. आमच्या मठातल्या बुवांनाही अशा खुणा करून दिल्या तर श्रोत्यांवर उपकार होतील. फादर म्हणाले, यात त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, सलग लिहिलेलं नाही. वर्षातल्या दिवसांप्रमाणे उतारे तोडून लावले आहेत. देवळात आज कोणता भाग वाचायचा, ते शोधून उघडायचं आणि वाचायचं.

मी नेहमीच्या काळजीने विचारलं, “आणि एखादा दिवस चुकला तर? पुन्हा पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कशाला? चुकला तो गेला. आज आहे ना? आजचं उघडायचं.”

“दोष लागत नाही?”

त्यांनी कापीची डबरा-वाटी खाली ठेवली. “कुणासाठी विचारताय, राव सार?”

मी कुणाला सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावालाही नाही. पण त्या परक्या माणसाला यंत्राच्या खडखडाटात सगळं सांगून मोकळा झालो. गाठ, झोप, काकू, सुतक, तिसरं पारायण. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, आणि तेही अगदी हळू, “पारायण मोडलं की तुम्ही पहिल्यापासून सुरू करता. ती गाठही पहिल्यापासून सुरू करते का?”

यंत्र थांबलं होतं. कागद संपला होता की छपाई, ते बघायचंही मला सुचलं नाही.

फादर उठले, दुकानाबाहेर उभं राहून फोनवर कुणाशी तरी बोलले आणि आत येऊन म्हणाले, “आमच्या ओळखीच्या दवाखान्यात बायकांची सर्जन डॉक्टर बाहेरगावाहून येते, आठवड्यातून एकदाच. आज आली आहे. कावेरीअम्मांना घेऊन या. आमची व्हॅन बाहेर उभी आहे.”

घरी कावेरी सोवळ्यात नैवेद्याचा भात उतरवत होती. मी म्हटलं, “चल, दवाखान्यात जायचंय.”

“आत्ता? आजचं वाचन राहिलंय की तुमचं.”

“राहू दे.”

“मोडेल परत!”

“मोडू दे, कावेरी.”

मग तिने गॅस बंद केला, भातावर झाकण ठेवलं आणि साडी बदलायला गेली. व्हॅनमध्ये फादर पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि दवाखाना येईपर्यंत तंजावूरच्या सिग्नलांना नावं ठेवत राहिले. आम्हाला धीर देणारं एक वाक्यही ते बोलले नाहीत. केवढी दया होती ती, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी कावेरीला आत घेतलं तेव्हा बाकावर माझ्या शेजारी ते डोळे मिटून बसले होते. मी रामाचं नाव घेत होतो. ते ज्याचं घेत असतील त्याचं घेत होते.

गाठ वाईट निघाली. पण लहान होती, पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, केस गेले आणि आले. डॉक्टर म्हणाल्या, “आणखी थांबला असतात तर मी हे इतक्या सहज सांगितलं नसतं.” आज कावेरी बरी आहे, आणि मी तिची बोलणी पूर्वीसारखीच खातो.

याला चमत्कार म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही. मी यंत्रात चूक केली, म्हणून एक माणूस परत आला, आणि तो आला तो दिवस नेमका डॉक्टरांचा होता. याचा हिशेब मी कितीदा मांडून पाहिला आणि सोडून दिला. माझा देव ग्रीक पोथीतून का बोलला, याचीही चौकशी करत नाही. मराठी पोथीतून तो बोलला तेव्हा मी झोपलो होतो. एवढं मात्र समजलं की मी ज्याला शरण जाणं म्हणत होतो, ते लपून बसणं होतं. देवाच्या पायांमागे लपलं तरी ते लपणंच. शरण जाणारा माणूस समोर येऊन उभा राहतो आणि आज जे वाट्याला आलंय ते हातात घेतो. हल्ली मी रोज थोडंसंच वाचतो, अडखळत. एखादा दिवस चुकला तर त्या दिवसाला नमस्कार करतो आणि पुढचं पान घेतो. मठातल्या माझ्या गुरुमहाराजांनी याबद्दल अजून तरी मला रागावलेलं नाही.

शेवटची तपासणी नीट निघाली त्या संध्याकाळी मी कावेरीजवळ बसून कबूल केलं, की ती पारायणं मी भक्तीने कमी आणि भीतीने जास्त केली. निकाल ऐकायचं धाडस माझ्यात नव्हतं. मला वाटलं ती रडेल, निदान रागावेल तरी.

ती म्हणाली, “एवढंच ना? मग तेव्हाच सांगायचं होतं की हो. मी आत स्वयंपाकघरात एकटीच घाबरत होते. दोघं मिळून घाबरलो असतो.”