माळावर पाणी नव्हतं

गाव कुठं वसवावं हे आमच्या मूळपुरुषाला फार चांगलं कळत होतं, असं घरात सगळे कौतुकानं सांगायचे. मला त्या माणसाविषयी कधी आदर वाटला नाही. पंचगंगेच्या काठची जमीन काळी. तिच्यात घर बांधलं तर उन्हाळ्यात भिंतींना भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाया चिखलात जातो, म्हणून ती त्यानं पिकाला ठेवली. वर हातकणंगल्याच्या बाजूला मुरमाड माळ. तिथं पाण्याचा टिपूस नाही, म्हणून तो गुरांना सोडला. आणि मधल्या पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर घरं घातली. पूर तिथवर चढत नाही, भिंत सरळ उभी राहते, आणि जमिनीत पेव खणून ठेवलेला जोंधळा वर्षभर कोरडा राहतो. पण जिथं धान्य सुखात राहतं तिथं उंदीरही सुखात राहतो, हे काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

महाराजांच्या राज्यात गाठीची साथ, म्हणजे प्लेग, कोल्हापुराकडून आमच्यापर्यंत आली, तेव्हा मी लहानसा हंडा डोक्यावर घेण्याइतकी मोठी झाले होते. पेवांतले उंदीर गल्लीत येऊन पडू लागले. मग दरबारचा हुकूम आला, गाव खाली करा, माळावर झोपड्या घाला. घरात ऊन पडावं म्हणून छपरांवरची कौलंसुद्धा उतरवली. आई अंगणात उभी राहून ते बघत होती, आणि शेवटचं कौल खाली आलं तशी गाठोडं उचलून चालू लागली.

माळावरच थांबलेल्या कुणाला गाठ आली नाही, हे खरं. पण पाणी खाली नदीला. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यातल्या ढेकळांतून भरला हंडा घेऊन चालायचं म्हणजे पाय मोडून घ्यायचा. वाट एकच, गावातून जाणारी. बायकांना त्या वाटेनं जायला हरकत नव्हती, थांबायला मनाई होती.

आई थांबायची. एकदा भाकरी वाढताना आबांना, माझ्या वडिलांना, तिच्या बांगड्यांवर शेण वाळलेलं दिसलं.

"घरात गेलतीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"गेलते की. दर सोमवारी जाते. सारवलं न्हाय तर भुई उकलतीया. पावसाआधी परत जायचं हाय न्हवं?"

"अगं, उंदीर मरून पडल्यात तिथं."

"मग मी काय उंदरांवरनं सारवते? आधी उचलून परड्यात टाकते, मग सारवते."

आबा जेवणावरून उठले. इतके दिवस माझी आई घर स्वच्छ ठेवण्यासाठी आपल्या हातांनी मेलेले उंदीर उचलत होती. आजही हे आठवलं की मला रडू येत नाही, राग येतो. कुणावर काढावा ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा कावड घेऊन नदीला निघाले, तर आईनं वाटेत उभं राहून कावड धरली. "मी जिती हाय तवर तुम्ही पाणी भरायचं न्हाय. लोकं काय म्हणतील?" आबांनी खूप समजावलं, दटावलं. तिनं फक्त घरात जाणार नाही एवढं कबूल केलं. आबांचा त्यावर विश्वास बसला नाही. तिला त्या वाटेवरून हटवायचं तर पाणीच वर आणायला हवं होतं. त्यांनी झोपडीमागं पहार मारली आणि विहीर खणायला घेतली.

शेजारचे पिंजारी चाचा मदतीला आले. साथीत गाद्या कोण पिंजून घेणार, त्यांचे हात रिकामेच होते. लोक काठावर येऊन हसायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं जाताजाता ऐकवायचे. तांबडा मुरूम संपला, पिवळा लागला, आणि मग काळा खडक. चाचा म्हणाले, "थांबूया पावणं, हितनं खाली सगळा फत्तरच हाय." आबा थांबले नाहीत.

एका दुपारी आई नदीवरून आली. हंडा उतरवताना थेंब सांडला नाही तिच्या हातून. आडवी झाली ती पुन्हा उठली नाही. जांघेत गाठ होती, अंग तव्यासारखं तापलं होतं. मी खड्ड्याकडं पळाले. आबांनी ऐकलं, एकदा वर बघितलं, आणि पुन्हा खडकावर पहार मारू लागले, आधीपेक्षा जोरात. आई पाणी पाणी करत होती, आणि पाण्याचा हंडा तिच्या उशाशीच होता. आबांना ते नदीचं पाणी नको होतं, खडकाखालचं हवं होतं. शेवटी चाचांनी खड्ड्यात उतरून त्यांना बखोटीला धरून वर काढलं. तोवर आई कुणाला ओळखत नव्हती.

पुढं साथ सरली आणि लोकांनी कौलं चढवायला घेतली. पावसाच्या बरंच आधी सगळा गाव पुन्हा पांढरीवर गेला. आबा म्हणाले, मी त्या घरात पाय ठेवणार नाही. विहिरीचा खड्डा कोरडाच होता, मग तेच कावडीनं पाणी आणू लागले, त्याच गल्लीतून, आमच्या दाराकडं न बघता. माणसांना पुरायचं पाणी, गुरांना नाही. उन्हं वाढली तशी एक गाय बसली ती उठेना. त्या संध्याकाळी आबांनी भरलेली कावड माळावर आणली नाही. मला निरोप आला, भांडी घेऊन खाली ये.

दार उघडून आम्ही आत गेलो. भुई कडेनं उकलायला लागली होती. पण मधे, चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, आईनं सारवताना ओढलेले बोटांचे अर्धगोल एकाशेजारी एक तसेच उमटलेले होते. मी शेण आणलं, पाणी घातलं, आणि हात तसाच धरून बसले. सारवलं असतं तर ते पुसले जाणार होते.

आबा उंबऱ्यावर बसले होते, माझ्याकडं पाठ करून.

"सारव," ते म्हणाले. "ऱ्हायचं हाय हितं."

मी सारवलं.