फ्यूज खिशात ठेवणारी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जिन्यात, स्टुलावर उभी. ती जिन्यातला दिवा दुरुस्त करत होती. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अंधाराला कंटाळून मेन स्विचकडे निघाले, तर ती वरूनच म्हणाली, "दाबा खुशाल! फ्यूज माझ्या खिशात आहे." तेव्हापासून सगळ्या इमारतीची ती फ्यूजताई.

तिची धाकटी बहीण माझ्या शेजारी राहायची. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून तिला सगळं कळतं. तिची मुलगी तान्ही असतानाची गोष्ट. धाकटी पाठमोरी भांडी घासत होती, बाळ आतल्या खोलीत रडून लालबुंद झालं होतं, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात आल्या. बाई वाईट नव्हत्या, धास्तावल्या होत्या. "मुलगा दिवसभर कामावर असतो. शाळेत जाईपर्यंत नात माझ्याकडे राहील," त्यांनी जाहीर केलं.

धाकटी त्या दिवशी जेवली नाही. फ्यूजताईने सासूबाईंकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली.

पाळण्याशी तिने एक छोटा माइक लावला. त्याचा आवाज मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे बोटभर संगणकाच्या, बोर्डाकडे जायचा, आणि बाळ रडतंय असं ठरलं की बोर्ड सॉलिड स्टेट रिलेला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचला, इशारा करायचा. मग रिले स्वयंपाकघरातल्या एलईडी दिव्याची उघडझाप करायचा. "साधा रिले सारखा टकटक करून झिजतो, सर. याच्यात हलणारं काहीच नाही," तिने मला समजावलं.

मुदतीच्या दिवशी नातीला न्यायला आलेल्या सासूबाईंची पिशवी दाराशी तयार होती. दुपारी बाळ झोपलं. धाकटी मोरीकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही श्वास रोखून बसलो. दिवा लुकलुकला, धाकटी धावली. बाळ गाढ झोपलेलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"खोटं बोलणारा दिवा काय कामाचा गं?" सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने ओल्या हातांनी भराभर खुणा केल्या. फ्यूजताईने सांगितलं, "ती म्हणतेय, दिवा दोनदा खोटं बोलला, तरी मी दोन्ही वेळा धावले."

सासूबाईंची नजर पिशवीवरच होती.

फ्यूजताई मात्र दिव्याकडे टक लावून बघत होती. बंद असूनही तो मिणमिणत होता. एकदम ती वळली. "रिले बंद असला तरी जरासा करंट सोडतो. एलईडीला लुकलुकायला तेवढाही पुरतो. सर, तुमच्याकडे तारेचा जुना बल्ब आहे ना? त्याला याच्या जोडीने लावते, म्हणजे हा झिरपणारा करंट तो गिळेल."

माझी बायको ज्याला अडगळ म्हणते, त्या खोक्यातून मी बल्ब आणला.

"लाव पटकन, दिवा बंदच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काकू, दिवा बंद आहे, तार जिवंत आहे." तिने फ्यूज काढून खिशात टाकला. नेमकं तेव्हाच बाळ कुरकुरलं.

सासूबाई ताडकन उठल्या. "उठली! आता कोण सांगणार हिला?"

"अजून रडली नाही, नुसती तक्रार करतेय. बसा ना, काकू!"

तिच्या कपाळावर घाम होता, पण स्क्रू एकही अर्धवट सोडला नाही. कुरकुर वाढली. धाकटी पाठमोरीच, अंग ताठ. फ्यूजताईने फ्यूज बसवला. बोर्ड सुरू व्हायला क्षणभर लागतो; तो क्षण संपता संपेना. दिवा मात्र या वेळी पूर्ण काळा होता.

मग बाळाने टाहो फोडला, आणि एलईडी आणि बल्ब दोघेही लखलख करू लागले. धाकटी माझ्या खुर्चीला धडकून आत पळाली. बाळ तिच्या खांद्यावर शांत झालं, तसा दिवाही विझला. मिणमिणलासुद्धा नाही.

सासूबाईंनी पिशवी उचलली. त्यांनी ती आत नेऊन पलंगाखाली सरकवली. "चार दिवस इथेच राहते," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या घरी असला दिवा कधी लावतेस? नात येईल तेव्हा आईही येईलच ना बरोबर."

फ्यूजताई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पाणी मागितलं.

नात आता शाळेत जाते आणि आईशी हातांनी भांडते. फ्यूजताई पुढच्या गल्लीत दुकान चालवते. ऐकू न येणाऱ्यांच्या घरी असे दिवे बसवायला ती रविवारी जाते, आणि जुने बल्ब माझ्याकडून नेते.