फक्त घरचे

माझ्या धाकट्या भावाला ‘स्मॉल’ या शब्दाचं भारी वेड. आमच्या वडिलांच्या तोंडी तो बनियनच्या मापापुरता यायचा. याने त्याला पार मोकाट सोडलं. ठाण्यात बाळकुमला एकविसाव्या मजल्यावर घेतलेला फ्लॅट ‘स्मॉल’, आणि त्याची बाल्कनी आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघराहून मोठी. आठ दिवस गोव्याला जाऊन राहिला, तो ‘स्मॉल ब्रेक’. भावजयीच्या बाळंतपणात मी रजा टाकून दवाखान्यात तिच्या उशाशी बसले, ते म्हणे ‘स्मॉल फेवर’. मी हसण्यावारी नेत गेले. तिथेच चुकलं माझं.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्याला बहीण मी एकटीच. बाळ झालं त्याच आठवड्यात मी कुंची शिवायला घेतली, हिरव्या खणाची, कडेने मोती लावून. तारीख कधी कळवतोय याची वाट बघत होते. कळलं ते भावजयीच्या स्टेटसवरून, सगळं आटोपल्यावर. फुलांनी सजवलेला पाळणा, आणि बाळाच्या कानाशी वाकलेली भावजयीची बहीण. भाच्याचं नाव मला फोटोखाली वाचावं लागलं.

माझं डोकं असं सणकलं की नवरा ‘फोनवर बोल, जाऊ नकोस’ म्हणत असतानाच मी चपला घातल्या. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली. वाटेत चार वेळा वाक्यं जुळवली आणि चारही वेळा रडू आलं, त्याचा आणखी राग आला.

भावाने दार उघडलं, पाणी दिलं. भावजय आत बाळाला पाजत होती. मी विचारलं, मला का नाही बोलावलंस? म्हणाला, एवढं काय मनाला लावून घेतेस, घाईत ठरलेलं, आपण नंतर पुन्हा करू, तू नाव सांग, मी व्हिडिओ काढतो. वर त्याचा तो लाडका शब्द होताच.

“स्मॉल फंक्शन होतं गं ताई. फक्त घरचे होते.”

“घरचे म्हणजे कोण कोण?”

“आम्ही दोघं. हिचे आईबाबा. हिची बहीण...”

“आणि तुझी?”

तो रिकामा पाळणा हलवत राहिला.