सव्वा मूठ

सुरतेजवळ भेस्तानच्या एका लूमच्या कारखान्यात मी हिशेब बघायचो आणि वडील तिथेच लूम चालवायचे. नव्वदीची सुरुवात होती. शेडमधले निम्मे लोक आमच्या खानदेशातले. श्रावणात नागपंचमी झाली की कानबाईच्या सणासाठी सगळे गावी पळायचे आणि लूम मुके व्हायचे. एका श्रावणात शेठने घरटी एकाच कामगाराला रजा दिली. पुढच्या होळीच्या सुमाराला त्याने त्याहून कडक ठरवलं: यंदा जो जाईल त्याला परत घ्यायचं नाही, त्याच्या जागी दुसऱ्या मुलखातला माणूस ठेवायचा.

वडील म्हणाले, "कानबाईले घर जानंच पडस." म्हणजे त्यांचं काम गेल्यातच जमा होतं.

मी बी.कॉम. झालेला, त्याची थोडी मिजासही होती. आलेखाच्या कागदावर मी वर्षावर्षाच्या चांगल्या कापडाची रेघ काढली. एरवी श्रावणात ती खाली यायची आणि दिवाळीपर्यंत सगळी तूट भरून वर चढायची. रजा तोडली त्या वर्षी मात्र ती खाली गेली ती वर आलीच नाही. नुसता डागी माल. मी तो कागद पुढे ठेवला तेव्हा शेठने बशीतला चहा ओढला आणि यात काय बघायचं म्हणून विचारलं, "आमां मारे शुं जोवानुं?" गाढवापुढे वाचली गीता, असं मी मनात म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या रेघेत माणूस मलाही दिसत नव्हता.

मग मी भावाबद्दल बोललो. का बोललो ते आजही सांगता येत नाही. भाऊही त्याच शेडमध्ये होता. रजा एकालाच, म्हणून वडील गावी आले आणि तो थांबला; मी हिशेबातला, मला ती अट नव्हती. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, उरवायचा नाही. भावाच्या वाट्याचा उरला. आईने तो वाट बघत ठेवला आणि शेवटी शेतात पुरला. दिवाळीच्या आधी भाऊ काविळीने गेला. आईने दोन्हींची गाठ मारली. माझा विश्वास नाही, पण शेडमधल्या सगळ्यांचा आहे. ज्याचा वाटा गावी वाळतोय त्याचं लक्ष धाग्यावर कसं राहणार?

शेठने बशी खाली ठेवली आणि हे आधी का नाही बोललास म्हणून मलाच विचारलं, "तो आ वात पहेलां केम ना करी?"

कानबाईला कारखाना बंद ठेवायचं त्याच दिवशी ठरलं. वडिलांचं काम वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता.

पण शेठला ती गोष्ट फारच आवडली. सुताचे व्यापारी यायचे, कामरेजकडचे कारखानदार यायचे, आणि शेठ मला हाक मारायचा, "पेली भाईवाळी वात कर ने." माझा कागद आता भिंतीवर चिकटवलेला होता. सांगता सांगता मला कळत गेलं की आधी रेघ दाखवली तर लोक घड्याळाकडे बघतात. आधी भाऊ सांगायचा, मग रेघ दाखवायची. सव्वा मूठ म्हटल्यावर जरा थांबायचं; तिथे लोक मान खाली घालतात. एकदोन कारखानदारांनी आपल्याकडेही रजा सुरू केली. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. सुरुवातीला त्या जागी माझा गळा दाटायचा. पुढे दाटेनासा झाला, तेव्हा मी तिथे नुसताच थांबायला लागलो.

त्या श्रावणात आम्ही गावी गेलो. भाऊबंदांनी येऊन दुखवटा सोडवला होता, त्यामुळे रोट करायचेच होते. आई गव्हाचं पोतं सोडून सूप पुढ्यात घेऊन बसली. "हाई तुना बापनी," म्हणत तिने मूठ सुपात टाकली आणि वर चिमूट सोडली. "हाई तुनी." मग सवयीने तिने तिसरी मूठ भरली आणि हात तसाच पोत्यावर राहिला. वडील उठून ओट्यावर गेले.

आता तरी रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. आई त्या मुठीकडे बघत होती आणि माझ्या मनात एवढंच आलं, की इथे जरा थांबायचं.