वाळूत राहिलेली हवा

माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध मी वर्षभर अडवून ठेवला, कारण तिच्या चाचण्यांचे निकाल माझ्या जुन्या निकालांशी जुळत नव्हते. चूक माझी असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

मी नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. गोदावरीची ओली वाळू भूकंपात किती टिकते, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. रबराच्या पातळ पिशवीत वाळू भरायची, तिच्यात पाणी मुरवायचं आणि यंत्राने तिला वरून पुन्हा पुन्हा दाबायचं, सोडायचं. कणांमधल्या पाण्याचा दाब चढत जातो, कणांची पकड सुटते आणि खांबासारखी उभी वाळू एकाएकी चिखलासारखी ढासळते. भूकंप सोसलेल्या लातूरकडच्या माणसाला या चाचणीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. माझी वाळू बराच वेळ तग धरायची. माझ्या विद्यार्थिनीची, त्याच नदीची, फार लवकर ढासळायची.

ती रेणापूरजवळच्या शेतकरी घरातली. एकदा प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत मी म्हणालो, "उसाला सोडतात तसं पाणी सोडलंस का इथंही?"

मुलं हसली. ती यंत्र पुसत राहिली. मग म्हणाली, "न्हाई सर. उसाला एवढा वेळ बसून कोण पाणी देतंय?"

मुलं पुन्हा हसली, या वेळी माझ्यावर. त्याच रागात मी तिला सगळ्या चाचण्या नव्याने करायला लावल्या. पदवी लांबली आणि लातूरच्या एका कॉलेजातली जागा तिच्या हातून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं चुकलंय हे दाखवायला मीच जुन्या पद्धतीने नमुना भरला. वाळू पूर्ण भिजली का, याची एक साधी तपासणी असते. पाण्याची वाट बंद करून बाहेरून दाब वाढवायचा. आतल्या पाण्याचा दाबही जवळपास तेवढाच वाढला पाहिजे. पीएचडीच्या घाईत मी ती टाळत असे. या वेळी केली. आतला दाब निम्माच वाढला. वाळूत हवा राहिली होती. बुडबुडे दबत होते म्हणून पाण्याचा दाब चढायला वेळ लागत होता, आणि मी त्यालाच वाळूची ताकद समजत आलो होतो. हवा घालवून पुन्हा चाचणी घेतली. नमुना तिच्या नमुन्यांइतक्याच लवकर ढासळला.

प्रबंध मी लगेच पुढे पाठवला. तिला फोन करून माफी मागता आली असती, पण टोमणा चारचौघांत मारला होता.

तिच्या मौखिक परीक्षेला प्रयोगशाळेतली तीच मुलं आली होती. मागच्या रांगेत तिचे आईवडील होते. परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या मार्गदर्शकांचे निकाल वेगळे का?" तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. "याचं उत्तर मी द्यायला हवं. माझ्या नमुन्यांत हवा होती, हिच्या नव्हती. ते न तपासता मी हिला सगळ्यांसमोर बोललो आणि वर्षभर थांबवलं." मग तिच्याकडे वळलो. "ती जागा मला परत देता येणार नाही. माझं चुकलं. मला माफ कर."