वसईची भरती, कतारचा समुद्र

मी वसईची भरती कतारच्या समुद्रात वापरली. नुसती वापरली असती तर एक वेळ ठीक होतं, पण मी दोन्ही देशांच्या घड्याळांतला अडीच तासांचा फरक काळजीपूर्वक वजा करून वापरली. मूर्खपणातसुद्धा हिशेब चोख असावा, ही माझी नोकरीतली सवय.

नोकरी बंदरावरची. आधी दोहाच्या जुन्या बंदरावर, नंतर हमद पोर्टवर, एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात. जहाज धक्क्याला लागलं की कंटेनरच्या कागदपत्रांचं काम सुरू. ते लागतं कसं, पाणी किती खोल असतं, हे प्रश्न दुसऱ्या खात्याचे. त्यामुळे समुद्राशेजारी अख्खा जन्म काढूनही माझे बूट कधी ओले झाले नाहीत. निवृत्त होताना मात्र मी भाषणात सांगून बसलो, की आता उरलेलं आयुष्य समुद्रावर. त्याच आठवड्यात देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने आपली एका शिडाची छोटी होडी मला भेट दिली. बायको अजून म्हणते, भाषणात घोडा म्हणाला असतात तर?

तेव्हापासून आमचं वर्ष तीन तुकड्यांत जातं. हिवाळ्याचा पहिला भाग कतारमध्ये, लेकीने काढून दिलेल्या व्हिसावर, लेकीच्याच घरी, उम्म सलाल मोहम्मदला. तेव्हा होडी. मग मुलाकडे ऑस्ट्रियात, तेव्हा बर्फ आणि स्कीइंग. उरलेलं वर्ष वसईला. तिथे पाहुणे, लग्नं आणि दोन्ही गुडघ्यांची दुरुस्ती.

स्कीइंगबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. मागच्या वर्षी मी बर्फाच्या उतारावरून खाली आलो. पण पाठमोरा. वाटेत एक कुंपण, लहान मुलांचा एक वर्ग आणि शेवटी एक फळ्यांची टपरी लागली, तीही गरम चॉकलेट विकणारी. सुनेने सगळं मोबाइलवर टिपलं. घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आजही वाढदिवसाला फुलांऐवजी पाठवतात. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. मी मुलाच्या जुन्या स्कीज विमानातून कतारला आणल्या आणि मेसईदच्या वाळूच्या टेकडीवरून त्या घालून निघालो. वाळू बर्फासारखी घसरत नाही, हे मला टेकडीच्या माथ्यावरच कळलं. पायातल्या स्कीज तिथेच राहिल्या आणि मी एकटाच पुढे गेलो.

तर अशा माणसाच्या हवाली आपली पोटची मुलगी करायची का, असा प्रश्न माझ्या लेकीला पडला होता. तिची मुलगी तिसरीत. नाताळच्या सुट्टीत तिने रोज आमच्याबरोबर होडीवर यावं, असं बायकोच्या मनात होतं. नातीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. घरात तिला टॅब्लेट आहे, टीव्ही आहे, शेजारच्या मैत्रिणी आहेत. होडीत आजीशिवाय बोलायला कुणीच नाही, तेव्हा तिथे ती मराठीत बोलेल, हा बायकोचा बेत. नाताळ झाला की आम्ही ऑस्ट्रियाला जाणार, म्हणजे तेवढेच दिवस हातात.

लेक म्हणाली, "मम्मी, तुझ्याबरोबर कुठेही पाठवते. डॅडींचं काय करायचं?"

मी तिथेच बसलो होतो. पण आमच्या घरात माझ्याबद्दल बोलताना मी असणं आड येत नाही.

शेवटी ठरलं असं. शुक्रवारी आम्ही दोघांनी अल खोरच्या धक्क्यावरून होडी काढायची आणि खालच्या अंगाला एक शांत किनारा आहे तिथवर न्यायची. लेक आणि नात चर्चमधली मिस्सा आटोपून गाडीने तिथे यायच्या. इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो, चर्चलाही तीच सवय झालीय. जावई लांब दुखान गावाला ड्युटीवर, म्हणजे एक प्रेक्षक कमी. आम्ही कोरडे, वेळेवर आणि एका तुकड्यात पोचलो, तर सुट्टीभर नात आमची. नाही तर खलास.

त्या रात्री बायकोने मला बजावलं, "अहो, यावेळी काही केलंत ना, तर मी ऑस्ट्रियाला एकटी जाईन. तुम्ही इथे वाळूवर स्कीइंग करा."

तिचा आवाज चेष्टेचा होता, पण सगळाच नव्हता. म्हणून मी यावेळी अभ्यास करायचं ठरवलं. भरतीची वेळ पाहायला हवी, हे मला स्वतःहून सुचलं याची कृपया नोंद घ्यावी. फोनवर ती मिळते म्हणे. पण फोनवर कुणीही काहीही लिहितं. माझा मेव्हणा मात्र वसईच्या कोळीवाड्यातला, स्वतःची मच्छीमार बोट असलेला. त्याच्याहून खात्रीचा माणूस कोण? मी त्याला फोन लावला.

"शुक्रवारी पूर्ण भरती केव्हा रे?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडेसुद्धा न बघता वेळ सांगितली. "का भावोजी, येताय की काय?"

"बघू, इन्शाल्ला," मी म्हणालो. त्याला वाटलं मी घरी यायचं म्हणतोय. मग मी कतारच्या घड्याळाप्रमाणे अडीच तास वजा केले. भरती बरोबर आमच्या जेवणाच्या वेळेला येत होती. देवाची योजनाच म्हणायची.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या भावाला विचारलंत ना? मग झालं." ती त्याच कोळीवाड्यातली, पण शाळा संपताच नर्सिंगला गेली आणि पुढचा जन्म दोहाच्या हॉस्पिटलात गेला. ती स्वतःच सांगते, मला मासा ताटात आल्यावरच ओळखता येतो. तेव्हा ह्या चुकीत तिचाही थोडा वाटा आहे असं माझं मत आहे. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी वारा अगदी बेताचा होता. मी शीड चढवलं, एकदाही दोरीत पाय न अडकवता. बायको मधोमध बसली, मांडीवर जेवणाचा डबा धरून. आमच्या वसईच्या बाटली मसाल्यातलं चिकन, त्याबरोबर खायचे तळलेले गोल पाव, म्हणजे फुगे, वर नातीसाठी केक. डबा ती कुठेही पाण्याजवळ ठेवायला तयार नव्हती. "होडी बुडाली तरी चालेल," ती म्हणाली, "फुगे मी पहाटे उठून तळलेत."

आम्ही किनाऱ्यासमोर पोचलो तेव्हा लेकीची गाडी यायची होती. मी इतका लवकर कधी कुठेच पोचलेलो नाही. किनारा अजून चांगलाच लांब होता, पाणी कमरेएवढं. बायको म्हणाली, उतरून ढकलत नेऊ या. पण माझ्या डोक्यात एक चित्र होतं. पाणी चढत जाणार, होडी हळूहळू किनाऱ्याकडे सरकत जाणार, आणि लेक गाडीतून उतरेल तेव्हा तिचे आईबाप अलगद वाळूला टेकलेले असणार. मी शीड उतरवलं, नांगर टाकला.

"ढकलायचं कशाला? समुद्र आपल्याला नेऊन सोडेल," मी म्हणालो.

"नक्की?"

"तुझ्या भावाचं गणित आहे."

थर्मासमधला चहा झाला. ऊन कोवळं होतं. बायकोने माळ काढली आणि जप सुरू केला. मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि समुद्राची वाट पाहत झोपलो.

जाग आली ती होडी एका बाजूला कलल्यामुळे. मला वाटलं लाट. डोळे उघडले तर शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, एक फ्लेमिंगो उभा. म्हणजे तो पोहत नव्हता, उभा होता. त्याचे काटकीसारखे गुलाबी पाय दिसत होते, पार पंज्यापर्यंत. त्याच्या पलीकडे आणखी पाचसहा जण चिखलात चोची घालून जेवत होते. पुढे ओली वाळू, मागे ओली वाळू. समुद्र पार क्षितिजाला एक रेघ होऊन चमकत होता. आमचा नांगर होडीजवळ वाळूत आडवा पडला होता, दोरीसकट, कुणी दुकानात मांडून ठेवावा तसा.

बायको जागीच होती. माळ हातात, डबा मांडीवर.

"उठवायचं नाही का मला?"

"उठून काय केलं असतंत? माळेचं तिसरं रहस्य चालू होतं तेव्हापासून पाणी उतरतंय. मी म्हटलं, गणितात असेल."

तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"डॅडी, आम्ही पोचलो. तुम्ही कुठे आहात?"

"समोरच. बघ, हात हलवतोय."

"तो माणूस तुम्ही आहात? आम्हाला वाटलं कुणीतरी मोडकी होडी टाकून गेलंय."

मी तिला थांबायला सांगितलं आणि मेव्हण्याला फोन लावला. आपली चूक नाही हे आधी पक्कं करून घ्यावं, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं.

"अरे, भरती कुठाय तुझी?"

"आहे की! धक्क्याला पाणी लागलंय. तुम्ही कधी येताय, मासे काढून ठेवलेत."

"अरे, इथे एक थेंब नाही."

"इथे म्हणजे कुठे?"

"कतारला."

मग फोनमधून हसणं आलं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं, सगळ्या घराचं होतं. कुणीतरी खोकत होतं. मेव्हण्याची बायको मागून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि तो सांगायचा प्रयत्न करत होता पण त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. मी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या वसईला कळणार होतं, आणि रात्री ऑस्ट्रियाला.

बायको हसली नाही. ती किनाऱ्याकडे बघत होती. "गेली सुट्टी," एवढंच म्हणाली, आणि डब्याचं झाकण घट्ट आहे का ते उगाच दाबून पाहिलं. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी होडीत उभा राहून काहीतरी उपयोगाचं करायला बघितलं, तर होडी आणखी कलली आणि फ्लेमिंगो दोन पावलं सरकून पुन्हा जेवायला लागला.

जेवण होडीत होतं आणि त्या दोघी उपाशी किनाऱ्यावर. त्यामुळे शेवटी त्याच निघाल्या. लेक मिस्सेच्या कपड्यांत, झगा गुडघ्यापर्यंत वर धरून, सँडल हातात घेऊन. नात तिच्या पुढे धावत, वाटेत दर खेकड्यापाशी थांबत. कतारच्या समुद्रावर आमची नात आम्हाला भेटायला पायी आली.

ती होडीभोवती एक फेरी मारून आली, तळ वाकून पाहिला, नांगर उचलून पाहिला. मग मला म्हणाली, "ग्रँडपा, धिस इज नॉट सेलिंग. धिस इज पार्किंग."

"मराठीत सांग," बायको म्हणाली.

नातीने विचार केला. "आजी, होडी बसली."

बायकोने तिला उचलून होडीत घेतलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे वाक्य आणायला मीच समुद्र उपसून बाहेर काढला होता.

मग आम्ही तिथेच जेवलो. कललेल्या होडीत चौघं एकाच बाजूला गोळा झालो, ताटलीतला रस्सा सारखा काठाकडे पळत होता. लेकीच्या पायांना पोटरीपर्यंत चिखल, हातात फुगा. तिने एकदा क्षितिजावरच्या रेघेकडे पाहिलं, एकदा खाली वाळूकडे, एकदा माझ्याकडे. मी चिकन चांगलं झालंय असं म्हणालो.

"मॉम," नात म्हणाली, "सुट्टीत येऊ ना मी? रोज?"

बायकोने घास तोंडाशी धरला, तो तसाच राहिला.

"ये की," लेक म्हणाली. "मम्मी, खुशाल घेऊन जा हिला. डॅडींच्या होडीचं एक बरं आहे, बुडायला पाणीच नसतं."