दहापैकी नऊ

कॉलेजच्या स्टाफरूममधले किस्से कोणी जमवत नाही, ते छतावरच्या कबुतरांच्या घाणीसारखे आपोआप साचतात! मी बी.एस्सी. अर्धवट सोडलं आणि त्याच कॉलेजच्या ऑफिसात टेम्पररी कारकून म्हणून चिकटलो. चिकटवलं कोणी? आमच्या तात्यांनी. तात्या म्हणजे माझे वडील, अमरावतीच्या त्याच कॉलेजात संस्कृतचे प्रोफेसर. तेव्हा हे किस्से परक्यांचे नाहीत. तुम्ही पोट धरून हसा. माझी मान खालीच राहणार आहे.

*

आमच्याकडे टाइम-टेबल कोणी एक जण करत नसे. नवा महाराष्ट्र झाला होता, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या अंगात लोकशाही शिरली होती. "मी लादणार नाही. ज्याने त्याने आपली अडचण सांगावी आणि शेजाऱ्याशी जमवून घ्यावं!"

'सोय' हा शब्द त्या दिवसापासून स्टाफरूममधून हद्दपार झाला. जो तो 'अडचण' सांगू लागला. केमिस्ट्रीच्या ठोसरांना सकाळी लवकर यायची अडचण. फिजिक्सवाल्यांना शनिवारची अडचण. तात्यांना जेवणानंतर शिकवायची अडचण.

"दुपारी देववाणी जड होते," तात्या म्हणाले.

मी त्यांचा विद्यार्थी होतो. जड होत त्या तात्यांच्या पापण्या!

*

मग जमवाजमव सुरू झाली. ठोसर म्हणाले, "बॉटनीने मंगळवार सोडला, तर मी बुधवार सोडतो." बॉटनी म्हणाली, "फिजिक्सने गुरुवार सोडला, तर मी मंगळवार सोडते." फिजिक्स म्हणाले, "ठोसरांनी बुधवार सोडला, तर गुरुवार घ्या खुशाल!"

बघा, तिघेही तयार. फक्त पहिला कोणी व्हायला तयार नाही! आणि तिघं तीन मजल्यांवर. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. निरोप पोचवायचा तो गणपत शिपायानं. तो वर पोचेपर्यंत खालच्याचं मत बदललेलं.

शेवटी गणपत प्रिन्सिपॉलांच्या दारात फतकल मारून बसला. "साहेब, या तिघायले एका खोलीत बसवा. मी बाहेरून कडी लावतो!"

"गणपत, ते हेड ऑफ डिपार्टमेंट आहेत!"

"म्हून तं कडी म्हनून राहिलो. पोरं असते तं नुस्तं दटावलं असतं."

*

आता सुमनबद्दल सांगितलं पाहिजे. इंटर सायन्सच्या गणितात ही एकटी मुलगी. धामणगाव रेल्वेहून रोज यायची. बापानं कॉलेजात घातलं ते एकाच अटीवर, की दुपारच्या गाडीनं परत निघायचं. ती गाडी चुकली तर पुढची थेट अंधार पडल्यावर धामणगावला पोचवायची. अंधारात पोर स्टेशनवर उतरली की शिक्षण बंद. बाप बोलल्याप्रमाणे करणारा होता.

गणिताच्या इंगोले सरांनी म्हणून तिचा तास सकाळी ठेवला. ठोसरांनी प्रॅक्टिकलसाठी तो एक तास पुढे सरकवला. फिजिक्सनं आणखी एक. बॉटनीनं आणखी एक. तात्यांनी संस्कृतसाठी शेवटचा धक्का दिला, आणि गणित जाऊन पडलं दिवसाच्या शेपटाला. गाडी सुटून गेल्यावर!

मी प्रत्येकाला जाब विचारला. प्रत्येक जण म्हणाला, "अरे, मी तर एकच पिरियड सरकवला!"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. त्याचीच तर लाज वाटते.

*

इंगोले सर सुट्टीत बाहेर कुठंतरी शिकायला जाऊन आले होते. तिथं बेरजा करून असले गुंते सोडवणाऱ्या एका मोठ्या गणकयंत्राबद्दल ऐकून आले. भाबडा माणूस! स्टाफरूममध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "असं करू. ज्यानं त्यानं आपल्या अडचणीले दहापैकी मार्क द्याचे. लय दुखते तं जास्त मार्क. मंग कमी मार्काच्या अडचणी मोडाच्या. सगळ्यायचं मिळून नुकसान कमीत कमी होते."

सगळ्यांना एकदम पसंत! टाळ्यासुद्धा झाल्या.

ठोसरांनी आपल्या सगळ्या अडचणींना दहा दिले. फिजिक्सनं दहा. बॉटनीनं दहा. तात्यांनी दहा दिलेच, वर सकाळच्या पूजेला अकरा!

इंगोले सरांनी काय केलं? त्यांचे गुडघे दुखत, जिना चढवत नसे. त्याला दिले चार. सुमनच्या गाडीला दिले नऊ.

झालं! पहिल्या फटक्याला चार मोडले, गणित गेलं वरच्या मजल्यावर. दुसऱ्या फटक्याला नऊ मोडले, गणित राहिलं दिवसाच्या शेवटी. बाकी सगळे दहा जागच्या जागी.

मी चिडून म्हणालो, "सर, दहा काहून नाही लिहिले?"

"अरे बाप्पा, दहा म्हंजे जीव जानं. गाडी चुकली तं जीव थोडाच जाते!"

*

त्या दिवशी जेवताना मी तात्यांना धरलं. "तुमचा सकाळी अकराचा तास इंगोले सरांना द्या. तुमच्या त्या वर्गात दोनच विद्यार्थी आहेत. ती पोरगी वाचेल."

"ज्यानं कॉलेज सोडलं, त्यानं मला कॉलेज शिकवू नये."

"मी तुमच्यासारख्यांना पाहूनच सोडलं."

आई म्हणाली, "वरण घेता का कोणी?"

तात्यांनी वरण घेतलं. भात कालवला. मग शांतपणे म्हणाले, "मी दिला, आणि बाकीच्यांनी आपापले घट्ट धरून ठेवले, तर स्टाफरूममध्ये मूर्ख कोण ठरेल?"

"तुम्ही."

"बघ, तुलासुद्धा कळतं!" असं म्हणून ते हात धुवायला उठले. जाताना बजावून गेले, दुपारी रेडिओ लावू नकोस.

*

टाइम-टेबल लागलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. "कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा एकही क्लॅश नाही! एकही तक्रार नाही!"

पेढे तोंडात असतानाच सुमनचे वडील दारात आले. धामणगावच्या कापसाच्या जिनात फिटर, हाताला तेलाचे डाग. मुलीचं नाव काढायला आले होते. आवाज चढवला नाही, काही नाही. टोपी काढून हातात धरली.

"नाव काढाचं हाय, साहेब. पोरगी रडून राहिली. पन गाडी काई कॉलेजाची नाई, तिले कोन थांबवनार?"

स्टाफरूम हळहळली. खरोखर हळहळली! इंगोले सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ठोसर म्हणाले, "अरेरे! अहो, मला कोणी विचारलं असतं, तर मी दिला असता पिरियड."

फिजिक्सवाले म्हणाले, "मीही दिला असता. एका तासाचं ते काय!"

"कोणी शब्दानं विचारलंच नाही हो," बॉटनी म्हणाली.

मी तात्यांकडे बघत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते. उपरण्याला बोटं पुसत म्हणाले, "मलाही कोणी विचारलं नाही."

त्या फिटरचा चेहरा उजळला. माणसाला वाटलं, काम झालं! एकेका प्रोफेसरासमोर त्यानं हात जोडले.

"मंग मी इचारतो नं, साहेब. आता इचारतो. द्या एक पिरियड."

पेढ्याच्या ताटावर माशी बसली, ती उडवायलासुद्धा कोणाचा हात उठेना.

तेवढ्यात घंटा झाली.

आणि काय सांगू! आमच्या कॉलेजात घंटा झाल्यावर चहा संपवायचा असतो, पान लावायचं असतं, मग निघायचं असतं. त्या दिवशी सगळेच्या सगळे प्रोफेसर घंटेच्या ठोक्याला वर्गात गेले!